लस न घेणारे ‘अडाणी’, मग आपण कोण?

खडूस_खडकीकर (धागाकर्ता)
२०२१च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य रोज फिरायचं: ‘खेड्यातले लोक लस घेत नाहीत, अडाणी कुठले.’ लिहिणारे काका तेव्हा दिवसातून चार वेळा वाफ घेत आणि कुणाला शिंक आली तरी ‘एचआरसीटी (छातीच्या स्कॅनचा) स्कोर किती?’ विचारत.

एप्रिलमध्ये त्यांच्या भाच्यासाठी रेमडेसिविरचं इंजेक्शन शोधायला मीही गावभर फिरलो. जागतिक आरोग्य संघटनेने ते न वापरण्याची शिफारस नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती, आणि ती मी वाचलेली होती. तरी दोन तास रांगेत उभा राहिलो. रिकाम्या हाताने त्या घरी जायची हिंमत नव्हती, बस.

म्हणून मला वाटतं, साथीत माणूस माहितीवर चालत नाही. भीती कशाची जास्त आणि भरवसा कुणावर, यावर चालतो. १८९७चं पुणं आठवा. रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर देवघरापर्यंत घुसायचे, म्हणून लोक आजारी माणूस लपवायचे. प्लेगपेक्षा सोजिराची भीती मोठी. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः उचलून मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला गेल्या. एकाच शहरातले हे दोन अनुभव. लोक कुणाला दार उघडतील?

तर्कट
सावित्रीबाईंचं नाव घेतलं की वाद संपतो असं नाही. विषाणूला भावना कळत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना होतो ही अफवा पसरली. चिकन सुरक्षित आहे असं सरकार घसा फोडून सांगत होतं, तरी पोल्ट्रीवाले बुडाले. ही भावना कुरवाळायची होती का? औरंगाबादला नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी लशीशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश काढला. गेले ना लोक केंद्रावर!

बांधावरचा
माझी आई आशा कार्यकर्ती. तिच्याबरोबर मी दारोदार फिरलोय. ‘विज्ञान मानत नाही’ असं एकानेही सांगितलं नाही. सांगायचे ते हे: लस घेतली की दोन दिवस ताप, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. आणि, तालुक्याच्या दवाखान्यात नेलेला माणूस प्लॅस्टिकात गुंडाळला जातो, तोंडसुद्धा दाखवत नाहीत. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आईने शेवटी माझ्या आजीला लस घ्यायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पारावर नेऊन बसवलं. म्हातारी तिथे बसून दिवसभर तंबाखू मळत होती. संध्याकाळपर्यंत आमच्या आळीतल्या बायका नावं द्यायला आल्या.

जुनी_कात्रणं
थोडी भर. लस बनवणाऱ्या शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस मुंबईत १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे ‘पारावरची आजी’ ही युक्ती जुनीच. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एका बाटलीतल्या लशीत धनुर्वाताचा संसर्ग निघाला आणि १९ माणसं गेली. हाफकिनवर ठपका आला, तो पुसायला काही वर्षं गेली. त्यानंतर ज्या गावाने सुई नाकारली त्याला अडाणी म्हणायची माझी तरी तयारी नाही. लस चांगली होती हेही तितकंच खरं.

तर्कट
@बांधावरचा, आजी मस्त. पण प्रत्येक गावात अशी आजी शोधेपर्यंत लाट थांबते का?

बांधावरचा
तुमचं पेट्रोलबंदीचं फर्मान नोव्हेंबरात निघालं. लाट जूनमध्येच ओसरली होती.

तर्कट
मुद्दा मान्य. पण मग एप्रिल-मेचा दोष मनावर कशाला? लसच कुठे होती? मेमध्ये १८ ते ४४ वयाच्यांचं लसीकरण राज्याला थांबवावं लागलं. तुटवडा होता तो पुरवठ्याचा, तुम्ही भरवशाची पोथी वाचताय.

खडूस_खडकीकर
हे मात्र खरं. आमचे वाफवाले काका तेव्हा कोविन (लशीच्या नोंदणीची साइट) उघडून टपून बसायचे. शेवटी स्लॉट मिळाला तो साठ किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या केंद्रावर. गाडी काढून सहकुटुंब गेले, सेल्फी टाकला, खाली लिहिलं ‘इथे अजिबात गर्दी नाही.’

बांधावरचा
आमच्याकडेही अशा गाड्या यायच्या. त्या दिवशी आईने मनधरणी करून आणलेली सात माणसं केंद्राबाहेर बसली होती. ‘आजच्या लशी बुक झाल्यात, उद्या या’ म्हणून त्यांना परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दोघंच आली.