सम्राट अशोक (१९७८): एका मीटरमुळे अख्खं जम्बो पडलं?

रातकिडा:
१ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' नावाचं जम्बो (बोइंग ७४७) मुंबईच्या सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ जण होते, एकही वाचला नाही. जिथे वाचावं तिथे एकच, कॅप्टनचं मीटर बिघडलं. अहो पण इंजिनं चालू, पंख शाबूत, कॉकपिटमध्ये तीन माणसं, मग एका मीटरने एवढं कसं काय होतं? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

घिरट्या:
ते मीटर साधंसुधं नाही. एडीआय म्हणतात त्याला, विमान कुठल्या बाजूला किती कललंय ते दाखवणारा गोळा. टेकऑफनंतर उजवीकडे थोडं वळले, मग विमान सरळ केलं, पण कॅप्टनचा गोळा उजवीकडे कललेलाच अडकून बसला. त्यांना वाटलं अजून सरळ झालंच नाही म्हणून डावीकडे कलवत गेले, गोळा काही हलेना म्हणून अजून कलवत गेले, शेवटी विमान ९० अंशांच्याही पुढे, १०८ पर्यंत गेलं. मग पंखांची कसली उचल आणि कसलं काय. टेकऑफपासून पाण्यापर्यंत १०१ सेकंद.

रातकिडा:
बापरे. पण खिडकीतून दिसत नाही का? आणि बसल्या जागी कळायला नको का??

घिरट्या:
रात्रीचे सव्वाआठ, समोर काळाकुट्ट अरबी समुद्र, क्षितिजच नाही. आणि हळूहळू कललं की अंगाला पत्ता लागत नाही, आपण सरळच बसलोय असं वाटतं. म्हणून तर शिकवतात की अंगावर नाही मीटरवर विश्वास ठेवा, आणि इथे नेमकं मीटरच खोटं बोलत होतं.

खडूस_काका:
सगळं मीटरवर ढकलू नका. को-पायलटसमोर वेगळा एडीआय, शिवाय स्टँडबाय म्हणजे राखीव तिसरा होता. चौकशीतही ठपका कॅप्टनच्या चुकीच्या कंट्रोलवर आणि बाकीची मीटरं न बघण्यावरच आला. कहर म्हणजे कॅप्टन म्हणाले माझं गेलं, तर को-पायलट म्हणे माझंही गेलंय! त्याचं बहुतेक बरोबरच दाखवत होतं. फ्लाइट इंजिनियर म्हणाला त्या मीटरवर जाऊ नका, तोवर ५ सेकंद उरलेले. अमेरिकेत बोइंग आणि मीटरवाल्या कंपनीवर केस झाली, तीही फेटाळली गेली.

घिरट्या:
काका, दोन गोळे दोन गोष्टी सांगतायत, खरा कुठला ते तेवढ्यात ठरवायचं, खुर्चीत बसून बोलणं सोपं आहे. डिसेंबर १९९९ ला लंडनजवळ स्टॅनस्टेडला कोरियन एअरचं कार्गो ७४७ असंच पडलं, परत रात्र, परत कॅप्टनचा एडीआय. तिथे तर मीटरं जुळत नाहीत म्हणून अलार्म वाजत होता तरी को-पायलट गप्प, इंजिनियर मात्र कललंय कललंय म्हणून सांगत होता.

रातकिडा:
म्हणजे दोन्ही वेळा इंजिनियरलाच दिसलं की!

खडूस_काका:
तो मागे बसतो ना, दोघांचे गोळे त्याला एकदम दिसतात. आता नव्या विमानांत इंजिनियरची ती सीटच काढून टाकलीय म्हणा.