आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवरून काय आणि कसं शिकवायचं?

सिस्टर_इनचार्ज

१२ खाटांचं आयसीयू, तालुक्याचं ठिकाण. भेटीची वेळ सकाळी ११ आणि संध्याकाळी ५, आत एका वेळी एकच माणूस. डॉक्टर साडेबाराला नातेवाइकांशी बोलतात. एका घराला जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात आणि त्यातली निम्मी 'व्हेंटिलेटर म्हणजे काय' यातच जातात. म्हणून सगळ्यांना लागणारी माहिती मराठी व्हिडिओतून मोबाइलवर द्यायचं ठरलंय. अ‍ॅपला पैसे नाहीत. एक व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नंबर आणि एक यूट्यूब चॅनल, एवढंच भांडवल.

पहिला व्हिडिओ १४ मिनिटांचा झालाय. यंत्रं, नियम, बिलिंग, सगळं एकातच. बहुतेक जण दुसऱ्या मिनिटाला सोडून देतात. विषय कोणते घ्यावेत, क्रम काय, आणि यातून नवी भानगड उभी राहू नये म्हणून काय टाळावं?

क्रिटिकल_केअर_एमडी

जिन्यात बसून १४ मिनिटं कोण बघणार हो! तोडा तो. एका व्हिडिओत एकच प्रश्न, दोन-अडीच मिनिटांत संपवा.

क्रम विषयांचा नको, दिवसांचा लावा. पहिल्या सहा तासांत माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. तेव्हा फक्त एवढंच सांगा: डॉक्टर कधी आणि कुठे भेटतील, घरातलं कोण बोलणार, हात कसे धुवायचे, घरून काय आणायचं (चष्मा, कानाचं यंत्र, चालू औषधांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट). पेशंट सरकारी आरोग्य योजनेत बसत असेल तर रेशन कार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे (योजनेच्या हॉस्पिटलमधल्या मदतनिसाकडे) जायचं, हेही पहिल्याच दिवशी सांगा. डिस्चार्जच्या दिवशी कळून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्रं. पण ज्याचा पेशंट व्हेंटिलेटरवर आहे त्यालाच व्हेंटिलेटरचा व्हिडिओ, डायलिसिसवाल्याला डायलिसिसचा. सरसकट पाठवलंत तर 'आमच्या पेशंटची किडनीपण गेली का?' म्हणून दारात रांग लागेल.

व्हेंटिलेटरच्या व्हिडिओत तीन गोष्टी आल्या की पुरे. एक, नळी तोंडातून स्वरयंत्राच्या मधून श्वासनलिकेत जाते, त्यामुळे पेशंट जागा असला तरी आवाज निघत नाही. वाचा गेलेली नसते. दोन, 'बेशुद्ध' म्हणू नका, 'झोपेचं औषध चालू आहे' म्हणा. औषध कमी केल्यावर पेशंटने डोळे उघडले की घरच्यांना तो चमत्कार वाटतो आणि पुन्हा वाढवलं की तब्येत बिघडल्यासारखी वाटते, म्हणून हे चढउतार आधीच सांगायचे. तीन, व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. श्वासाचा भार उचलतो, तेवढ्या वेळात औषधांनी काम करायचं असतं. 'मशीनवर ठेवलं म्हणजे संपलं' आणि 'मशीन लावलं म्हणजे वाचलाच' या दोन्ही समजुतींना हे एकच उत्तर चालतं.

ट्रेकिओस्टॉमीचा (गळ्याला छोटं भोक पाडून श्वासाची नळी बसवण्याचा) व्हिडिओ पाचव्या दिवसाच्या आसपास, पण डॉक्टरांनी तोंडी विषय काढल्यावरच. व्हेंटिलेटर सात-दहा दिवसांपुढे जाणार असं दिसलं की तो विषय निघतोच. 'गळ्याला भोक पाडायचंय' हे सहीच्या कागदासोबतच पहिल्यांदा कानावर पडलं, की नकार ठरलेला.

मॉनिटरवरचे आकडे अजिबात शिकवू नका. 'सॅच्युरेशन ९५ च्या वर हवं' असं एकदा सांगितलंत, की ज्या सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटचं लक्ष्यच ८८ ते ९२ आहे त्याचा मुलगा ९० बघून आरडाओरडा करणार. इतकंच सांगा: प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं, अलार्म बऱ्याचदा बोटाची क्लिप सरकल्यामुळे किंवा हात हलल्यामुळे वाजतो, बटण दाबायचं नाही, सिस्टरला हाक मारायची.

'मेलेल्या माणसाला मशीनवर ठेवून बिल वाढवतात' या संशयाला व्हिडिओतून उत्तर देऊ नका. नातेवाइकाला खाटेशी उभं करा, लघवीची पिशवी आणि तासातासाला भरलेला चार्ट दाखवा.

लघुपट_आरोग्य

तांत्रिक बाजू सांगतो. यूट्यूबच्या लिंकवर अवलंबून राहू नका. वेटिंग हॉल बऱ्याचदा तळमजल्याच्या आतल्या बाजूला असतो आणि तिथे रेंज नसते. फाइलच पाठवा. ४८० पीला ८०० केबीपीएस ठेवलं तर अडीच मिनिटांचा व्हिडिओ साधारण १५ एमबीत बसतो. आवाज न ऐकताही कळेल अशा मोठ्या मराठी ओळी खाली हव्यात, एका वेळी दोनच. हॉलमध्ये इअरफोन कोणाकडे नसतो आणि आवाज मोठा केला की शेजारचा ओरडतो.

ब्रॉडकास्ट लिस्टचा (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) घोळ आधीच समजून घ्या: तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. दुःखात कोण नंबर सेव्ह करतंय? त्यापेक्षा क्यूआर कोड लावा. स्कॅन केला की तुमच्या नंबरचं चॅट 'आयसीयू माहिती' असा मजकूर तयार ठेवून उघडतं, नातेवाइकाने फक्त पाठवायचं. सिस्टरने क्विक रिप्लायमधून (आधीच तयार ठेवलेल्या उत्तरातून) त्या दिवसाचा व्हिडिओ द्यायचा आणि चॅटला लेबल लावायचं: 'दिवस १', 'व्हेंटिलेटर', 'वॉर्डात गेले'.

कोडचा आकार अंतराच्या एक दशांश धरा. हातातल्या कार्डावर ३ सेंमी, मीटरभर लांबून बघायच्या भिंतीवर १० सेंमी. लॅमिनेशन मॅट करा, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप पडली की कॅमेरा पकडत नाही. आणि 'मोफत डायनॅमिक कोड' (त्या साइटवरून फिरून जाणारा कोड) देणाऱ्या साइट टाळा. मुदत संपली की भिंतीवरचे सगळे कोड एकदम मरतात.

काउन्सेलर_ताई

एक विषय राहिला आणि भांडणं सगळ्यात जास्त त्यावरूनच होतात: बांधलेले हात. डिलिरियममध्ये (आजारपणातल्या भ्रमात) पेशंटला वेळ-जागा कळत नाही, तो नळी ओढतो. नळीच्या टोकाला हवेने फुगवलेला फुगा असतो. तो फुगलेला असताना नळी बाहेर आली तर स्वरयंत्राला इजा होते आणि श्वास अडकतो तो वेगळाच. हे चित्र काढून दाखवा. हात किती वेळाने सोडून तपासतात तेही सांगा. लगेच पुढे घरच्यांना काम द्या: चष्मा घालायचा, आज वार कोणता, सकाळ की संध्याकाळ हे सांगायचं, नातवाचं नाव घेऊन बोलायचं.

दुसरा व्हिडिओ 'काय करू नये' याचा, पण रागावल्यासारखा नको. अंगारा नाकारू नका. बंद प्लॅस्टिकच्या पुडीत, उशाच्या लॉकरमध्ये ठेवायला सांगा. तीर्थाचा थेंबही तोंडात नको, गिळता न येणाऱ्या माणसाच्या तो फुप्फुसात जातो. शहाळ्याचं पाणी विचारल्याशिवाय नाही, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीच्या पेशंटला ते बाधतं. पायाच्या पोटऱ्या चोळणं बंद. शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. चोळायचंच असेल तर तळहात, तेही सिस्टरला विचारून.

व्हिडिओ बघितला का, हा प्रश्न निरुपयोगी आहे. सगळे 'हो' म्हणतात. 'गावाकडच्या भावाला फोनवर काय सांगाल?' असं विचारा. 'त्यांना भूल दिलीय' असं उत्तर आलं तर व्हिडिओ कुठे तोकडा पडला ते लगेच कळतं.

सिस्टर_इनचार्ज

हे फारच उपयोगी आहे. दोन शंका. नातेवाइकांचा ग्रुप करावा का? आणि रात्री त्याच नंबरवर 'पेशंट कसा आहे' विचारलं तर?

काउन्सेलर_ताई

ग्रुप नको. एकाच्या पेशंटचं बरंवाईट दुसऱ्याला कळतं, नंबर उघडे पडतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी काढ्याचा फॉरवर्ड टाकतं. नंबर घेतानाच 'फक्त माहितीसाठी' अशी लेखी संमती घ्या, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लक्षात ठेवा.

पेशंटची बातमी या नंबरवरून कधीच नाही, चांगली असली तरी. आज 'सुधारणा आहे' लिहिलं की उद्याच्या गप्प राहण्याचाही अर्थ लावला जातो. अवे मेसेज (आपोआप जाणारं उत्तर) साधा ठेवा: 'या नंबरवर पेशंटची तब्येत सांगितली जात नाही. आत्ता काही विचारायचं असेल तर आयसीयूच्या दाराची बेल वाजवा. डॉक्टर रोज १२.३० ला भेटतात.'

क्रिटिकल_केअर_एमडी

वॉर्डात हलवण्याच्या आदल्या दिवसाचा एक व्हिडिओ जोडा. आत एका सिस्टरकडे एक-दोन पेशंट, वॉर्डात एका सिस्टरकडे दहा-बारा. हे न सांगता हलवलं की 'टाकून दिलं' असं वाटतं. घरी गेल्यावर अशक्तपणा, विसरभोळेपणा, झोपेत दचकणं महिनोन् महिने राहू शकतं, आणि हे घरच्यांच्याही वाट्याला येतं. आमच्या क्षेत्रात २०१२ पासून पेशंट आणि कुटुंब दोघांसाठीही याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात. झोप उडालेल्या बायको-मुलांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर शेवटच्या पाटीवर टाका.

आणि लेबलांची यादी रोज सकाळच्या हँडओव्हरला तपासा, व्हिडिओ पाठवायच्या आधी. रात्री पेशंट गेला असेल तर ते चॅट तिथल्या तिथे यादीतून काढायचं. नाहीतर दहाव्याला 'घरी गेल्यावर घ्यायची काळजी' पोचेल.