विषय: जादूवाले काका, त्यांचे मित्र आणि मोडलेली कांडी

रविवार रात्री, नोव्हायहून

नमस्कार मंडळी,

काका गेल्याचं सगळ्यांना कळलंच आहे. काल फ्युनरल होमवर आपले लोक खूप होते, पण मागच्या भिंतीपाशी काळे सूट घालून पंधरावीस अमेरिकन म्हातारे उभे होते ते कोण, आणि त्यांनी ती काठी का मोडली, असं मला पार्किंगमध्येच चारपाच जणांनी विचारलं. तिथे धड बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

ते सगळे काकांच्या मॅजिक क्लबमधले. इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स म्हणून १९२२ सालची संस्था आहे, तिच्या गावोगावच्या शाखांना रिंग म्हणतात, आणि काका आपल्या इथल्या रिंगमध्ये सत्तावीस वर्षं होते. आपल्यासाठी ते गणपतीत पोरांना जादू दाखवणारे काका, तिथे मात्र ते खेळ करायला लागले की बाकीचे खुर्च्या ओढून टेबलाजवळ येऊन बसायचे आणि फक्त त्यांच्या हातांकडे बघायचे. मी सात वर्षांपूर्वी त्यांच्याच मागे लागून क्लबात जायला लागलो, हातचलाखी जी काही येते ती त्यांचीच.

तर ती काठी नव्हे, जादूची कांडी. जादूगार गेला की सोबती त्याच्यासमोर कांडी मोडतात, ब्रोकन वाँड म्हणतात त्याला. ही रीत हूडिनी या नामांकित जादूगारापासूनची. हूडिनी गेला तो आपल्या डेट्रॉइटमध्येच, १९२६ च्या ऑक्टोबरात अंगात १०४ ताप असताना त्याने गॅरिक थिएटरला शेवटचा शो केला आणि अपेंडिक्स फुटल्यामुळे ३१ तारखेला वारला. मग न्यूयॉर्कला त्याच्या अंत्यविधीत पहिल्यांदा अशी कांडी मोडली गेली. अर्थ इतकाच की कांडीत जे काही होतं ते त्या माणसाच्या हातामुळे होतं, हात गेला की नुसतं लाकूड.

काल गुरुजींना मी आधीच विचारून ठेवलं होतं, ते म्हणाले अवश्य करा, मी थांबतो. क्लबचे सगळ्यात जुने मेंबर, नव्वदीला टेकलेत, त्यांनी चार ओळी वाचल्या आणि कांडी दोन्ही हातांत धरली तर ती मोडेचना, हात थरथरत होते, पण कोणी मदतीला पुढे झालं नाही, सगळे तसेच थांबून राहिले, आणि मग कडकन आवाज आला. दोन्ही तुकडे त्यांनी काकांच्या हातापाशी पाकळ्यांमध्ये ठेवले, काकूंनी ठेवलेल्या तुळशीच्या पानाशेजारी. मला तोवर रडू आलं नव्हतं.

कमिटीला विनंती, कोजागिरीच्या कार्यक्रमात काकांसाठी अर्धा तास ठेवा. आणि कोणाकडे फोटो, व्हिडिओ, आठवणी असतील तर इथेच टाका प्लीज.

सोमवार सकाळी, ट्रॉयहून

दादा, बरं झालं लिहिलंत, मीही विचारणाऱ्यांतलीच होते.

माझ्याकडे फोटो एकच आहे, पण आठवण सांगते. माझी लेक सहा वर्षांची असेल, गणपतीत पहिल्या रांगेत बसली होती आणि काकांचा वाट्या आणि गोळ्यांचा खेळ ऐन रंगात आलेला असताना ही उठून मोठ्यांदा ओरडली, "गोळी तिथे नाहीये, तुमच्या हातात आहे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी हात उघडला, गोळी खरंच तिथे होती, आणि त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. प्रोग्राम संपल्यावर तिला स्टेजमागे बोलावून घेतलं, म्हणाले आजवर ही गोळी एकालाही दिसली नव्हती, तुला दिसली म्हणजे आता तुला शिकावं लागणार, आणि गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली की कोणाला सांगणार नाही. पुढे दोन वर्षं दर शनिवारी ती त्यांच्याकडे जायची.

काल तिला फोन केला, ती आता क्लीव्हलंडला रेसिडेन्सी करतेय. खूप रडली. मी म्हटलं आता तरी सांग ती गोळी कुठे जायची, तर म्हणाली, आई, नाही.

सोमवार दुपारी, कँटनहून

मंडळी, काकांविषयी लिहिताय तर त्यांच्या त्या मित्राविषयीही लिहा, नाहीतर काकांचं अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आपल्या गणपतीला दरवर्षी यायचा, उंच, टोपीवाला, साबुदाणा वडे मागून घ्यायचा तो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत गेला. गाड्यांच्या कारखान्यात टूल अँड डायचं काम करून रिटायर झालेला, क्लबमधलाच.

काका मिरजेचे. बाजाराच्या दिवशी गारुडी डमरू वाजवत बसायचा, तीन लाकडी वाट्या आणि चिंधीच्या गोळ्या घेऊन, आणि काका शाळा बुडवून त्याच्यापुढे उकिडवे बसायचे. जादूगार रघुवीरांचा मोठा शो त्यांनी नंतर बघितला, पण गुरू तो गारुडीच असं म्हणायचे. इकडचे कप धातूचे, उंच, पेल्यासारखे एकावर एक बसणारे. आपल्या गारुड्याची वाटी बुटकी, वर बोंडासारखी मूठ, ती दोन बोटांत धरून उचलायची, त्यामुळे हाताची सगळी चाल वेगळी पडते. काकांच्या तीन वाट्यांपैकी एक चिरली तेव्हा या माणसाने बेसमेंटमधल्या लेथवर तशी दुसरी करायला घेतली. चार बिघडल्या, फेकून दिल्या. पाचवी झाल्यावर तिन्ही काकांपुढे ठेवल्या आणि डोळे मिटायला सांगितले, काकांना हात लावून नवी कुठली ते ओळखता येईना.

ऑगस्टमध्ये दोघं कोलनला जायचे. इथून दोन तासांच्या वर, हजारबाराशे वस्तीचं गाव, पण स्वतःला जादूची राजधानी म्हणवतं आणि ते शोभतं त्याला. ब्लॅकस्टोन हा मोठा जादूगार तिथे राहायचा, पर्सी अ‍ॅबटने जादूच्या सामानाची कंपनी तिथेच काढली, तिच्यातर्फे दर ऑगस्टला जादूगारांची जत्राच भरते. एकदा मलाही नेलं. मला वाटलं आधी शो, पण हे दोघं आधी लेकसाइड सिमेटरीत गेले. १९६५ साली गेलेला ब्लॅकस्टोन तिथे आहे आणि भोवती कितीतरी जादूगार पुरलेले आहेत. एकेका थडग्यापाशी थांबायचं, हा कोण, ह्याचा हातखंडा खेळ कुठला, मी ह्याला कधी बघितलं, असं चाललेलं. काका मधेच खिशातून नाणं काढून तो खेळ करून दाखवायचे, तिथे, त्या दगडासमोर, आणि मित्र म्हणायचा नाही, तो जरा सावकाश करायचा. मग काका परत सावकाश करायचे. ऊन होतं, मी झाडाखाली जाऊन बसलो, दोघांना ऊन लागत नव्हतं.

मंगळवार, काकूंकडून (सून टाइप करतेय)

मुलांनो, तुमचं सगळं वाचून दाखवलं मला. बरं वाटलं.

त्यांची पेटी काल उघडली. वाट्या आहेत. तो लोटा आहे, पाणी कितीदा ओतलं तरी परत निघायचं तो, जादूगार पी. सी. सरकारबाबूंचा वॉटर ऑफ इंडिया बघून त्यांनी बसवलेला. माझ्या जांभळ्या रेशमी साडीचे रुमाल आहेत. ती साडी त्यांनी मला न विचारता कापली होती, तीन दिवस मी बोलले नव्हते. काल ते सगळे रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवले.

तळाशी एक अर्धी मोडलेली कांडी निघाली, निळ्या फडक्यात गुंडाळलेली. ह्यांच्या कांडीचे तर दोन्ही तुकडे ह्यांच्याबरोबर गेले. मग ही कोणाची, कोणाला माहीत आहे का?

मंगळवार रात्री, नोव्हायहून

काकू,

ती त्यांच्या मित्राची. तेव्हा चर्चमध्ये कांडी काकांनीच मोडली होती, मी मागे उभा होतो. मित्राच्या बायकोने, बाईंनी, एक तुकडा स्वतःकडे ठेवला आणि दुसरा काकांच्या कोटाच्या खिशात घातला. त्या हल्ली ग्रँड रॅपिड्सला मुलीकडे असतात, आत्ताच फोन केला, त्यांचा तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे म्हणाल्या. काका गेल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग कार्यक्रम कधी आहे विचारलं.

कमिटीने अर्धा तास दिलाय. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी बाईंना आणायला जातोय, तुमच्याकडचा तुकडा तेवढा हॉलवर घेऊन या, पेटी आम्ही दोघंतिघं येऊन उचलू, जड आहे. वाट्या नुसत्या टेबलावर मांडून ठेवू, त्यांचा खेळ कोणी करणार नाही, क्लबच्या लोकांचं तसं म्हणणं आहे आणि मलाही तेच योग्य वाटतं.

आणि जेवणाच्या टीमला, मेन्यूत साबुदाणा वडे घाला. बाईंनी मुद्दाम विचारलंय.