सिसिलियनमध्ये दुसऱ्याच चालीला वजीर एच५ – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. मुलगी बुद्धिबळात काळ्याने सिसिलियनच (म्हणजे पांढऱ्याच्या ई४ला सी५ असं उत्तर) खेळते, आणि इथे रामबागेत तिच्यासोबत खेळणारा एक मुलगा दर वेळी १. ई४ सी५ २. वजीर एच५ करतो. पुस्तकांत सगळं २. घोडा एफ३ वरच असतं हो, यावर ओळभर सापडत नाही!

तिला एवढं कळलंय की सी५चं प्यादं मारात आहे, म्हणून २... जी६ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) लगेच नको, कारण वजीर सी५चं प्यादं उचलतो. म्हणून ती २... घोडा एफ६ खेळते, मग ३. वजीर सी५ घेतलं तर घोडा ई४ घेतो आणि वजिरावर परत हल्ला, तिथे काळ्याचं मस्तच चालतं. पण तो मुलगा हुशार आहे, तो ३. वजीर एच४ करतो, तिथून ई४ला जोर राहतो आणि पुढे तो किंगसाइडला (राजाच्या बाजूला) सगळं लोटत आणतो.

आता इथे काय करावं? मला वाटतं ३... घोडा सी६ आणि संधी मिळाली की तोच घोडा डी४, कारण वजीर डी१ वरून उठल्यामुळे सी२ उघडं पडलंय. पण त्याने घोडा एफ३ केलं की डी४वर नजर आलीच ना. मग डी६-ई६ करून शांत बसायचं की जी६ करून उंट जी७ला न्यायचा? जी६ची मला भीती वाटते, वजीर एच४ला असताना उंट एच६ येईल.

अमेरिकन ग्रँडमास्टर नाकामुराने २००५ मध्ये आपल्या शशिकिरणविरुद्ध १. ई४ ई५ २. वजीर एच५ खेळलं होतं आणि हरला होता, पण ते ई५वर. सिसिलियनमधले चांगले डाव कुणाकडे असतील तर प्लीज सांगा, इंजिनचे (कॉम्प्युटर प्रोग्रामचे) आकडे नकोत, लेकराला समजेल असा प्लॅन हवाय.