खिलार बैलाची शिंगं फळीवर बसवायची आहेत: एक खोळ हलते, एक सुटत नाही, वास येतो

जत_पूर्व
मंडळी, घरच्या खिलार बैलाची दोन्ही शिंगं कवटीच्या वरच्या तुकड्यासकट ठेवली आहेत. बैल वयानं गेला. तुकडा मीठ लावून चार महिने माळ्यावर सुकवला. आता फळीवर बसवून सोप्यात लावायचा आहे.

बाहेरच्या वळणावरून मापलं तर डावं शिंग ६६ सेंमी, उजवं ६४. बुडाचा घेर २१ सेंमी. डाव्या शिंगाची खोळ हातानं हलते, उजवी गच्च आहे. हवा दमट झाली की वास येतो. खाली पिठासारखा भुसा पडतो. वर बऱ्याच बेंदरांचा (बैलपोळ्यांचा) ऑइलपेंट चढलाय.

खोळ काढावीच लागेल का? आत पीओपी भरलं तर चालेल का? भिंत जुनी, दगड-मातीची आहे, त्यावर वजन कसं पेलायचं? आणि सागरेश्वरच्या बाजूचे एक ओळखीचे हरणाची गळलेली शिंगं देतो म्हणतात, त्यांनाही हीच पद्धत लागू पडेल का?

कृष्णाकाठ
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. ती शिंगं घेऊ नका. चितळ, सांबर, काळवीट यांपैकी कुणाचीही असोत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मालकी प्रमाणपत्राशिवाय ती जवळ ठेवणं गुन्हा आहे. गळून पडलेली होती, रानात सापडली, कुणी भेट दिली, यातलं काहीच चालत नाही. जुन्या वाड्यांतल्या शिंगांची नोंद करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. गव्याच्या शिंगांनाही हाच नियम. चांदोली-कोयनेच्या बाजूला ती म्हशीची म्हणून खपवतात, तेव्हा जपून.

पद्धतही एक नाही. चितळ-सांबराचं शिंग म्हणजे भरीव हाड. ते गळतं, पुन्हा नवं येतं, त्यावर खोळ नसते. काळविटाचं मात्र गळत नाही, त्याला बैलासारखीच खोळ असते. बैलाच्या शिंगाला आत हाड आणि वर नखासारखी खोळ. तुमचा सगळा त्रास या दोन थरांच्या मध्ये आहे.

तसला आकारच हवा असेल तर पेरूच्या वाळल्या फांद्या बघा. चिवट असतात, फाटे छान फुटतात, साल काढून घासल्या की काम झालं.

तुमच्या बैलाचा पशुवैद्यकीय दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर फळीच्या मागं पाकिटात चिकटवून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर कागद हाताशी.

सुतारकाम_विटा
खोळ काढावीच लागेल, दोन्ही बाजूंची. हाड आणि खोळ यांच्या मधली त्वचा कुजते, तोच वास. त्यात बैलाच्या शिंगातलं हाड पोकळ असतं आणि ती पोकळी कवटीतल्या पोकळीला जोडलेली असते. मीठ तिथपर्यंत पोचत नाही. वर मीठ दमट हवेत पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात वास जास्त.

काढायच्या आधी खूण करा. खोळीच्या बुडावरून कवटीवर जाणारी अशी एकच सरळ रेघ, दोन्ही बाजूंना. शेंड्यापासून शेंड्यापर्यंतचं अंतर मोजा, समोरून आणि बाजूनं फोटो काढा, जाड तारेचा साचा वळवून ठेवा. खिलारीची शिंगं कपाळाच्या रेषेत मागं जाऊन मग वर वळतात. खोळ दहा अंश फिरली तरी जोडी विजोड दिसते, आणि ते जाणत्या माणसाला लांबूनच कळतं.

सगळा तुकडा साध्या पाण्यात बुडवा, प्लॅस्टिकच्या पिंपात. पाणी दर तीन दिवसांनी बदला. डावी खोळ चार-पाच दिवसांत येईल. उजवीला दोन आठवडेही लागतील. तरी नाही आली तर फक्त बूड गरम पाण्यात धरा, पाणी वाफाळतं पण उकळतं नको, साधारण ७० ते ८० अंश, अर्धा तास. मग गोणपाटानं पकडून पिळत ओढा. शेंडा गरम पाण्यात घालू नका. खोळ तापली की मऊ पडते आणि ओढताना वाक बदलतो. हातोडीनं ठोकाल तर बुडाला चीर गेलीच म्हणून समजा.

कवटीही उकळायची नाही. उकळल्यानं चरबी हाडात मुरते आणि वर्षभरानं पिवळे डाग वर येतात. भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, रोज बदलून, पाण्यावर तवंग दिसेनासा होईपर्यंत. दहा-बारा दिवस धरा. पांढरं करायला मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून, एक दिवस. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीन अजिबात नको, हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. कॉस्टिक सोडा तर खोळीच्या आसपासही आणू नका, ती विरघळते.

आतलं हाड पूर्ण ठेवायचं कारण नाही. कवटीपासून १२ ते १५ सेंमी ठेवून बाकीचं करवतीनं कापा. पोकळी उघडी पडते, आतला मगज धुऊन निघतो, वजनही कमी होतं. करवत चालवताना तोंडाला मास्क हवा, ही धूळ छातीला वाईट.

मग सावलीत वाळवण, वाऱ्याला, किमान तीन आठवडे. उन्हात खोळ उलते.

पशुसेवक_माण
वरचं सगळं बरोबर, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी.

जनावर अचानक पडलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर काळपुळीचा म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय धरतात. त्या जनावराला सुरी-करवत लावायचीच नाही. चुना टाकून खोल पुरायचं, शिंगाचा मोह सोडायचा. हवा लागली की त्याचे जंतू बीजरूप घेतात, आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

दुसरं, एकच खोळ हलते म्हणून सांगतो. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग बराच आढळतो. शिंग एका बाजूला कलतं, बुडाशी ढिलं होतं. खोळ निघाल्यावर आतलं हाड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं फुललेलं किंवा झडलेलं दिसलं तर त्या हाडावर भिस्त ठेवू नका. ते मुळापासून काढा आणि त्या जागी लाकडी खुंटी बसवा. माणसाला त्याची लागण होत नाही, फक्त ते वजन धरणार नाही.

भुसा पडतो तो किड्यांचा. कातडं-केस खाणारे भुंगेरे, त्यांच्या अळ्या खोळीला आतून पोखरतात. भिजवण्यात बऱ्याच जातील. वाळल्यावर खोळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ला आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर खोळीवर दव धरतं. नंतर लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम टाकणखार विरघळवून, ते पाणी कोमट झालं की खोळीच्या आतून फिरवा आणि परत वाळवा.

जत_पूर्व
दोन्ही खोळी निघाल्या. हाड ठीक आहे, फुललेलं नाही. १४ सेंमीवर कापलं. पण वाळल्यावर डावी खोळ त्या खुंटावर सैल बसते, चारी बाजूंनी ३-४ मिमी खेळते. बुडाजवळ खोळ फार पातळ आहे, उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं.

सुतारकाम_विटा
पातळ आहे कारण दर बेंदराला शिंगं साळली आहेत. तिथं आता कानस लावू नका, नुसता पॉलिश पेपर.

पीओपीचं म्हणाल तर सोपं आहे, लोक करतात, मी सांगणार नाही. ओलं पीओपी खोळीला पाणी पाजतं. खोळ फुगते, पीओपी तसंच घट्ट होतं, मग उन्हाळ्यात खोळ आवळायला जाते आणि आत जागा नसते. तडा बुडापासून वर चढतो. पातळ खोळीला तर पहिल्याच एप्रिल-मेमध्ये.

त्याऐवजी एम-सील. खुंटावर दोन ठिकाणी पट्टे द्या, एक कवटीलगत आणि एक टोकाशी, प्रत्येकी दोन बोटं रुंद. मधे मोकळं राहू दे. ३-४ मिमीची फट त्यानं सहज भरते. आधी हाड आणि खोळीची आतली बाजू ६० नंबर पेपरनं खरवडा, गुळगुळीत जागेवर ते धरत नाही. खोळ बसवा, रेघ जुळवा, तारेचा साचा लावून बघा, शेंड्यांमधलं अंतर मोजा, आणि दोन्ही शेंडे दोरीनं बांधून रात्रभर हलवू नका. एका वेळी एकच शिंग.

फळी सागाची, २५ मिमी जाड, ३० बाय ४० सेंमी पुरे. बाभूळ मजबूत असते, पण पुरती मुरलेली मिळत नाही आणि तडकते. आंब्याला भुंगा लागतो. मधे तीन-चार सेंमी जाडीचा ठोकळा, कवटीच्या पोकळीत बसेल असा पटाशीनं कोरलेला. कवटीतून ठोकळ्यात ५० मिमीचे दोन स्क्रू, हाडाला आधी ४ मिमीचं भोक पाडून. थेट स्क्रू पिळला तर हाड फुटतं. ठोकळा फळीला मागून ८ मिमीच्या दोन बोल्टांनी, रुंद वॉशर घालून. ठोकळ्याची जाडी अशी ठेवा की शिंगाचं बूड आणि फळी यांत बोट जाईल. टेकलं तर तिथं घासून डाग पडतो.

औंध_नाद
रंगाबद्दल कुणी बोललं नाही. ऑइलपेंट थिनरनं पुसत बसू नका, लाल रंग खोळीच्या रेषांत मुरतो. फुटक्या काचेच्या धारेनं हलक्या हातानं खरवडा, बुडाकडून शेंड्याकडे. मग पेपर १२०, २२०, ४००, शेवटी ६०० पाण्यातून. वर जवसाचं तेल चिंधीनं, अगदी पातळ, दिवसाआड तीन हात. वार्निश लावलं तर दोन वर्षांत पापुद्रे सुटतात, कारण खोळ हवेबरोबर हलते आणि वार्निश हलत नाही. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तापून आपोआप पेट घेते. पसरून वाळवा.

पितळी शेंब्या (शेंड्यांवरच्या टोप्या) लावणार असाल तर चिंचेनं आधीच चकचकीत करा, शिंगावर चढवल्यावर नाही. अराल्डाइटचा थेंब पुरे. हिंगूळ परत लावायचा की नाही हे तुमच्या मनावर. मला तरी भिंतीवर नुसती काळी तुळतुळीत शिंगं बरी वाटतात, बेगड-गोंडे जित्या बैलाला.

जत_पूर्व
खूप आभार. भिंतीचं राहिलं. सगळं मिळून साडेचार किलो भरतंय.

सुतारकाम_विटा
दगड-मातीत प्लॅस्टिकचा गट्टा धरत नाही, माती सुटून येते. दोन दगडांमधला सांधा १० सेंमी खोल मोकळा करा, सागाचा गुटका आत सिमेंटमध्ये बसवा, आठवडाभर पाणी मारा. गुटका मागं रुंद, पुढं निमुळता असू दे, म्हणजे ओढला तरी निघत नाही. असे दोन गुटके, ३० सेंमी अंतरावर. त्यांवर ४५ अंशात तिरकी कापलेली पट्टी स्क्रूनं, उतार भिंतीकडे. तिची जोडीदार पट्टी फळीच्या मागं उलटी. फळी वरून अडकते आणि बेंदराला पुसायला उचलता येते. फळीवरच्या पट्टीची भोकं लांबट ठेवा, फळी पावसाळ्यात रुंदीला वाढते.

पावसाची झड बसते ती भिंत टाळा, आणि चुलीच्या धुराकडची पण. कपाळ भिंतीला समांतर बसलं की खिलारीचे शेंडे खोलीकडे येतात, म्हणून शेंडे जमिनीपासून सात फुटांच्या वर. दाराच्या शेजारी तर नकोच.