शाळेला रंग दिला, पण हजेरीपटावर वस्तीतले एकही नाव नाही

ओळंबा:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, बांधकाम कंपनीने इमारत मजबूत आणि वेळेत बांधावी. शेजारच्या वस्तीला रोजगार देणे हे तिचे काम नव्हे, फार तर शाळेला रंग द्यावा आणि झाडे लावावीत. हे वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. जी वस्ती वर्षानुवर्षे धूळ आणि डंपरचा आवाज सोसते, तिला त्याच कामावर पाऊल ठेवू न देता रंगाचे डबे देणे ही भरपाई होत नाही. रोजगाराची अट निविदेतच असावी लागते आणि ती डोकी मोजून नव्हे, तास मोजून तपासावी लागते. बॉस्टन शहराने १९८३ साली हेच केले: कामाच्या एकूण तासांपैकी ५० टक्के शहरातील रहिवाशांचे, २५ टक्के अल्पसंख्य समाजांतील कामगारांचे आणि १० टक्के स्त्रियांचे असावेत, आणि हे प्रमाण प्रत्येक कसबात वेगळे पाहावे. २०१७ मध्ये ते अनुक्रमे ५१, ४० आणि १२ टक्के झाले. कसबानुसार मोजणी असली की सगळ्या स्थानिकांना पहारेकरी नेमून आकडा जुळवता येत नाही.

मोजपट्टी:
ते मीच लिहिले होते आणि माझे मत बदललेले नाही. सतरा वर्षे साइटवर काढलेल्या माणसाला टक्केवारी ऐकवणे सोपे आहे. स्लॅबच्या आदल्या रात्री मला लोखंड बांधणारे कसलेले वीस फिटर हवे असतात, शिकाऊ मुले नव्हेत. एका कामावर आग्रहाखातर वस्तीतले बारा तरुण घेतले, महिन्याने तिघे उरले. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि आधार, चुकले तर माणसे दगावतात, त्याची जबाबदारी वस्ती घेणार आहे का?

ओळंबा:
त्या बारा जणांना शिकवायला कोणता मिस्त्री नेमला होता, की पहिल्याच दिवशी घमेले हातात देऊन मोकळे झालात? आणि जे तिघे टिकले, त्यांच्याविषयी तुम्ही एक ओळही लिहिली नाही.

तिसरे बिल:
स्थानिक रोजगार द्यायचा असेल, तर आधी स्थानिक पोटकंत्राटदाराचे पैसे द्या. माझ्याकडची आठ माणसे याच परिसरातली आहेत. मुख्य कंत्राटदाराने माझे तिसरे बिल पाच महिने अडवले, तेव्हा त्यांची मजुरी मी बायकोचे दागिने गहाण ठेवून चुकती केली.

कडेवरची:
वस्ती, फिटर, बिले, सगळे आले. निम्मी साइट मात्र कोणालाच दिसली नाही. माझी आई बावीस वर्षे विटा वाहत होती आणि मी वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी वाढले. माझा धाकटा भाऊ पाण्याच्या टाकीत पडला होता, तो वाचला हे आमचे नशीब. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, त्यातूनच 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली बंधनकारक केली. आईच्या साइटवर मात्र बायकांची नावे चार पोटकंत्राटदारांत अशी वाटलेली असत की, कोणाकडेच पन्नास भरत नसत.

मोजपट्टी:
पाळणाघराला माझा विरोध नाही. पण बायका स्वतःच गवंडीकाम मागत नाहीत, हेही खरे आहे.

कडेवरची:
आपण कधी एकीला तरी विचारले आहे का? आई गिलाव्यातली चूक लांबून ओळखत असे, तरी शेवटच्या दिवसापर्यंत तिची मजुरी बिगाऱ्याचीच राहिली, कारण थापी पुरुषाच्या हातात द्यायची हे मुकादमाने आधीच ठरवलेले होते. मूल कोणाच्या स्वाधीन करायचे हेच ठाऊक नसलेली बाई कसब शिकायला तास काढणार कुठून? पाळणाघराला दयाधर्म समजू नका. तिला थापी मिळण्याची सुरुवात तेथून होते.

परगावचा:
'स्थानिकांना प्राधान्य' म्हणताना, दोन पिढ्या साइटमागून साइट फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना बाहेर काढायचे आहे का? त्याच १९९६ च्या कायद्यात कामगार कल्याण निधीचे लाभ मिळवण्यासाठीच्या नोंदणीला वर्षभरात ९० दिवसांचे काम दाखवावे लागे. माझ्या वडिलांनी त्याहून कितीतरी अधिक दिवस भरले, पण लेखी दाखला एकाही मुकादमाने दिला नाही.

ओळंबा:
आपला आक्षेप योग्य आहे आणि माझ्या मांडणीत तो सुटला होता. रहिवाशांच्या तासांबरोबर, साइट सोडणाऱ्या प्रत्येकाला भरलेल्या दिवसांचा सही-शिक्क्याचा दाखला देण्याची अटही निविदेत हवी.

मोजपट्टी:
दाखला द्यायला खर्च नाही, तो मी पुढच्या महिन्यापासून माझ्या साइटवर देईन. तासांच्या टक्केवारीला मात्र माझा विरोध कायम आहे. आणि विचारलेच आहे म्हणून सांगतो: त्या तिघांपैकी एक आज माझ्याकडे सेंटरिंगचा मिस्त्री आहे.

कडेवरची:
त्याला कोणी शिकवले, तेही लिहा.

मोजपट्टी:
एका म्हाताऱ्या मिस्त्रीने, सात महिने, स्वतःच्या वेळेत. कंपनीने त्या वेळेचे पैसे त्याला दिले नव्हते.