एल सिद: काव्यातला आणि इतिहासातला

प्रश्न

'कांतार दे मिओ सिद' हे स्पॅनिश वीरकाव्य मी नुकतेच अनुवादातून वाचून पूर्ण केले. त्यातला रोद्रिगो दियास, म्हणजेच एल सिद, राजा सहाव्या अल्फॉन्सोने हद्दपार केल्यावरही त्याच्याशी इमान राखतो आणि मूरांवर, म्हणजे स्पेनमधल्या मुस्लिमांवर, मिळवलेल्या विजयांनंतर त्याला नजराणे पाठवत राहतो. इतिहास चाळला तेव्हा मात्र असे दिसले की १०८१ मध्ये देशाबाहेर पडलेला हा सरदार सारागोसाच्या मुस्लिम अमिराच्या पदरी राहिला आणि १०८२ मध्ये आल्मेनारच्या लढाईत त्याने बार्सिलोनाच्या ख्रिस्ती काउंटलाच कैद केले. काव्यात या चाकरीचा उल्लेखही नाही. मग कवीने आपल्याला फसवले असे समजायचे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

कवीला दोष देण्यापूर्वी त्या काळची परिस्थिती पाहावी, ही विनंती. १०३१ मध्ये कोर्दोबाची खिलाफत मोडली आणि 'ताइफा' म्हणून ओळखली जाणारी छोटी मुस्लिम राज्ये उभी राहिली. ती आपसांत भांडत, उत्तरेकडच्या ख्रिस्ती राजांना खंडणी देत आणि वेळप्रसंगी त्यांचीच फौज मदतीला बोलावत. आल्मेनारलाही एका बाजूला सारागोसाचा अमीर होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच भाऊ. बार्सिलोनाचा काउंट त्या भावाच्या बाजूने लढत होता. खुद्द अल्फॉन्सोनेही, भावाने राज्य हिरावून घेतल्यावर, १०७२ मध्ये तोलेदोच्या मुस्लिम राजाकडेच आश्रय घेतला होता. 'सिद' हे नावसुद्धा अरबी 'सय्यिद'पासून, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'सय्यद' या शब्दाच्या मुळापासूनच, आलेले आहे.

प्रतिसाद २

मला काव्याची बाजू मांडायची आहे. त्यातले खलपुरुष मूर नाहीत. ते कारियोनचे दोघे ख्रिस्ती, उच्चकुलीन भाऊ आहेत, जे सिदच्या मुलींशी लग्न करतात आणि पुढे कोर्पेसच्या रानात त्यांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारून तिथेच टाकून जातात. उलट मोलिनाचा मूर आबेनगाल्बोन हा सिदचा जिवाभावाचा मित्र असून, त्याच मुलींना तो स्वतः सोबत देऊन आपल्या मुलखातून सुखरूप पोचवतो. ही लग्ने आणि हा छळ कवीने रचला आहे. प्रत्यक्षात सिदच्या मुलींची नावे क्रिस्तिना आणि मारिया होती, आणि क्रिस्तिनाचा मुलगा ११३४ मध्ये नवाराचा राजा झाला. परंतु या रचलेल्या प्रसंगातच काव्याचा प्राण आहे, असे मला मनापासून वाटते. एवढा अपमान होऊनही सिद तलवार उपसत नाही. कोणी दाढीला हात घालू नये म्हणून ती दोरीने बांधून तो तोलेदोच्या दरबारात जातो, आधी जावयांना दिलेल्या दोन तलवारी परत मागतो, मग तीन हजार मार्क, आणि हे सारे पदरात पडल्यावरच अब्रूचा प्रश्न काढतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. तरीही मूळ प्रश्नातली अस्वस्थता मला रास्त वाटते. कवीने केवळ सारागोसाची चाकरीच गाळलेली नाही. जून १०९४ मध्ये व्हॅलेन्सिया सिदच्या हाती आले ते दीर्घ वेढ्यानंतर, आणि त्या वेढ्यात शहर उपासमारीने कसे पिचले, धान्याचे भाव कसे चढत गेले, हे तिथल्याच इब्न अल्कमाने लिहून ठेवले होते. त्याचा मूळ ग्रंथ हरवला असला तरी नंतरच्या ग्रंथांतून त्यातला बराच मजकूर टिकून आहे. पुढच्या वर्षी सिदने शहराचा काझी इब्न जह्हाफ याला जिवंत जाळले. काव्यात उपासमारीचा ओझरता उल्लेख आहे, पण काझीला जाळल्याचे कुठेही येत नाही. दुसरा एक अरबी लेखक, इब्न बस्साम, सिदला शिव्याशाप देतो आणि त्याच लिखाणात त्याच्या धैर्याला ईश्वराचा चमत्कारही म्हणतो. मला ही साक्ष सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण शत्रूला उगाच स्तुती करण्याचे कारण नसते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपले प्रतिसाद वाचून मी काउंटचा प्रसंग पुन्हा काढून वाचला. १०९० मध्ये तेव्हारच्या लढाईत सिदने त्याला दुसऱ्यांदा पकडले, आणि ही कैद मात्र कवीने ठेवली आहे. मानी काउंट तीन दिवस अन्नाला शिवत नाही. जेवलास तर सोडून देईन, असे सिद सांगतो. शेवटी काउंट हात धुवायला पाणी मागतो आणि सिदच्या देखत पोटभर जेवतो. ख्रिस्ती काउंटचा पराभव कवीला लपवावासा वाटला नाही; लपवली ती फक्त अमिराची चाकरी. याचा अर्थ, आपल्या नायकाने कोणाशी लढावे यापेक्षा त्याने कोणाचे मीठ खावे, हाच प्रश्न त्याला अधिक अडचणीचा वाटला असावा. आता आबेनगाल्बोनची सारी प्रकरणे पुन्हा वाचायला घेतो आहे.